एक्स्ट्रॅक्शन लाइनला बेलोज टाकला की टर्बाइनच्या नोझलवरचा भार जातो का?

कोजन_प्रकल्प:
साखर कारखान्याच्या २० मेगावॅट सहवीज प्रकल्पासाठी एक्स्ट्रॅक्शन-कंडेन्सिंग टर्बाइनचं (मधूनच काही वाफ प्रोसेसला काढायची, उरलेली कंडेन्सरला) स्पेसिफिकेशन लिहितोय. इनलेट ८७ अटा (निरपेक्ष दाब, किलो प्रति चौ. सेंमी), ५१५ अंश. प्रोसेसला २.५ अटाची वाफ, ताशी ८० टन, ३२ इंची लाइनमधून. पायपिंगवाले म्हणतात, नोझलला (टर्बाइनच्या पाइप जोडायच्या तोंडाला) लागून साधा बेलोज (वळ्यांचा लवचिक जोड) टाका, टर्बाइनवर काही येणार नाही. पटत नाही. या लाइनसाठी आणखी काय लिहावं?

स्ट्रेस_अ‍ॅनालिसिस:
भार उलट वाढेल, कारण साधा बेलोज ताणला जातो आणि आतल्या दाबाचा ढकल नोझलवर येतो. २.५ अटा म्हणजे गेजवर (वातावरणाचा दाब वजा करून) चौ. सेंमीला दीड किलो. ३२ इंची पाइपचं क्षेत्रफळ सुमारे ५,२०० चौ. सेंमी. म्हणजे ७.८ टनांचा ढकल. बेलोजच्या वळ्या पाइपाहून मोठ्या, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच. आता चालतं किती ते बघा. नेमा एसएम २३ या टर्बाइनच्या मानकात ८ इंचांवरच्या नोझलला (व्यास + १६) भागिले ३ घेतात, इथे १६ येतात. त्याच्या ५०० पट ८,०००. मोमेंट (वाकवणारा, पिळणारा जोर) शून्य धरला तरी बल त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच, २,६६७ पाउंड, म्हणजे १.२ टन. एपीआय ६१२ या दुसऱ्या मानकाची १.८५ पट सवलत धरून सव्वादोन टन. केसिंग सरकलं की अलाइनमेंट जाते आणि व्हायब्रेशन सुरू होतं.

टाय रॉडचाच (दोन्ही टोकं दांड्यांनी बांधलेला, म्हणजे ढकल दांड्या घेतात) बेलोज मागा. तो लांबीतली वाढ घेत नाही, आडवी हालचाल घेतो, म्हणून लाइनच्या उभ्या भागात बसवा. १५० अंशांला पाइप मीटरमागे जवळपास दीड मिमी वाढतो. फ्लँज आवळताना कपलिंगवर डायल (हालचाल मोजणारं काट्याचं गेज) लावा, काटा ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलला तर पाइप ओढतोय.

टर्बाइन_ऑपरेशन:
भाराइतकाच महत्त्वाचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (वाफ एकाच दिशेने जाऊ देणारा). ब्रेकर उघडला की लोड जातो, स्टॉप व्हॉल्व्ह बंद होतो, पण हेडरमधली (प्रोसेसच्या मुख्य पाइपातली) वाफ मागे फिरून टर्बाइनचा वेग वाढवते. शिवाय दाब उतरताच इव्हॅपोरेटरच्या कॅलंड्रियातल्या (रस तापवणाऱ्या नळ्यांच्या भागातल्या) गरम कंडेन्सेटचीही वाफ होते. नुसत्या फ्लॅपवर भरवसा नको. ट्रिप (मशीन तातडीने बंद) होताना ट्रिप ऑइलचा दाब गेला की स्प्रिंगने मिटणारा क्विक क्लोजिंग प्रकार लिहा, नोझलच्या जितका जवळ बसेल तितका बरा. चालू मशीनवर थोडा हलवून बघायची सोय सक्तीची ठेवा. चिकटलेला व्हॉल्व्ह ट्रिपच्या दिवशीच कळला तर उशीर झालेला असतो.

कोजन_प्रकल्प:
डीसुपरहीटर (पाणी फवारून वाफ थंड करणारा) याच लाइनवर आहे. त्याचा काही संबंध?

टर्बाइन_ऑपरेशन:
हो. स्प्रेचं पाणी टर्बाइनकडे येऊ नये म्हणून तो नॉन रिटर्न व्हॉल्व्हच्या पुढे, प्रोसेसच्या बाजूला हवा आणि लाइनचा उतार टर्बाइनपासून दूर. खोलगट जागी लेव्हल स्विचवर आपोआप उघडणारं ड्रेन पॉट द्या, आणि ट्रिप होताच स्प्रे व्हॉल्व्ह बंद होईल असं इंटरलॉक लिहा.