अनुभव धागा : निकालानंतरचं पहिलं वर्ष (जळगाव, धुळे, नंदुरबार)

धागाकर्ता, अमळनेर

विद्यापीठाचा निकाल लागला की तिन्ही जिल्ह्यांत एकच प्रश्न फिरायला लागतो, "तुना पोऱ्या आते काय करस?" विचारणारे गल्लीभर असतात, नेमकं सांगणारे हाताच्या बोटांवर. म्हणून ज्यांच्या हाताखालून रोज ही मुलं-मुली जातात त्यांना आमंत्रण आहे: सेतूवाले, क्लासवाले, कारखान्यांतले एचआर, बँकेतले, केळीच्या धंद्यातले. "आमच्या वेळी असं नव्हतं" नको, धीराची वाक्यंही नकोत. कोणता कागद, किती रुपये, कुठे अडतं आणि का अडतं, तेवढं लिहा.

सेतू केंद्र, चोपडा

कागदांपासून सुरू करतो. परीक्षा पास होऊन कागदपत्र पडताळणीत बाहेर पडणारी मुलं दरवर्षी दिसतात आणि त्यांतली बहुतेक वाचवता आली असती.

सगळ्यात मोठा घोळ नॉन-क्रिमिलेअर (मागास गटातल्या प्रगत थरात नसल्याचा दाखला) आणि ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला). दोन्हीकडे मर्यादा ८ लाखांची, पण मोजायची रीत वेगळी. ओबीसीच्या नॉन-क्रिमिलेअरमध्ये आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. ईडब्ल्यूएसमध्ये सगळं धरतात. त्यावर केंद्राच्या ईडब्ल्यूएसला जमिनीची अट आहे: कुटुंबाकडे ५ एकर किंवा जास्त शेतजमीन असली की उत्पन्न कितीही कमी असो, प्रमाणपत्र मिळत नाही. आपल्याकडे कोरडवाहू ५ एकर म्हणजे श्रीमंती नव्हे, पण नियम बागायत-कोरडवाहू बघत नाही. अर्ज भरण्याआधी सातबारा उघडून बघा.

दुसरं, राज्याचा नमुना आणि केंद्राचा नमुना वेगळा असतो. रेल्वे, बँक, स्टाफ सिलेक्शन यांना केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र लागतं. कॉलेजच्या प्रवेशाला काढलेलं तिथे चालत नाही. केंद्राकडे विमुक्त, भटके, विशेष मागास असे वेगळे गट नाहीत. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तर ओबीसी, नसेल तर खुला. राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या यादीत आपल्या जातीचा अनुक्रमांक आधी शोधा, मग फॉर्ममध्ये वर्ग निवडा. मराठा उमेदवारांचंही तेच. एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) फक्त राज्यात चालतं, केंद्राच्या भरतीत ईडब्ल्यूएसच्या अटीत बसत असाल तर ते वापरायचं.

जातीचा दाखला नसेल तर जुना पुरावा लागतो. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५०. या तारखेआधीचा वास्तव्याचा आणि जातीचा कागद हवा. आजोबांच्या शाळेतला जनरल रजिस्टरचा उतारा सर्वांत चांगला. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर चुलत आजोबा बघा, तेही नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद मागा. या नोंदी बऱ्याचदा मोडीत असतात, लिप्यंतराला वेळ जातो. जून-जुलैत प्रांत कार्यालयात प्रवेशवाल्यांची गर्दी असते, म्हणून हे काम शेवटच्या सत्राच्या आधीच्या हिवाळ्यात करा.

आणि नावं. दहावीच्या प्रमाणपत्रावर वडील "दगा", आधारवर "दगडू", पदवीवर "डी." असं असेल तर अडणार. दहावीचं प्रमाणपत्र पाया धरा, बाकी सगळं त्याला जुळवा. आधार त्यामानाने लवकर दुरुस्त होतं, पदवीवरचं नाव मात्र पदवी छापायच्या आधी विद्यापीठात अर्ज देऊन जुळवलेलं बरं.

वाचक, शहादा

भाऊ, लग्न झालेल्या मुलीच्या नॉन-क्रिमिलेअरला उत्पन्न कोणाचं?

सेतू केंद्र, चोपडा

ताई, केंद्राच्या नियमात आईवडिलांचं, नवऱ्याचं नाही. जातीचा पुरावाही माहेरचाच लागतो. विवाह नोंदणी प्रमाणपत्र मात्र जोडा, नाहीतर दोन आडनावांचा मेळ बसत नाही.

बँक-रेल्वेची तयारी करून घेणारा शिक्षक, भुसावळ

आमच्या गावात रेल्वे घराघरात आहे, त्यामुळे पदवी झाली की रेल्वेचा फॉर्म हे ठरलेलंच. तरी दोन परीक्षांच्या गुणपद्धतीतला फरक मुलं लक्षात घेत नाहीत. रेल्वेच्या एनटीपीसीच्या (बिगर-तांत्रिक पदांच्या भरतीच्या) पहिल्या टप्प्यात ९० मिनिटांत १०० प्रश्न आणि चुकीला एक तृतीयांश गुण वजा. बँकेच्या लिपिक पूर्वपरीक्षेत ६० मिनिटांत १०० प्रश्न, तेही इंग्रजी ३०, गणित ३५, बुद्धिमत्ता ३५ असे तीन भाग, प्रत्येकाला २० मिनिटं बांधलेली, आणि चुकीला पाव गुण वजा. ६२ बरोबर, २४ चूक असतील तर बँकेत ५६ राहतात, रेल्वेत ५४. गुणवत्ता यादीत दोन गुण म्हणजे शेकडो उमेदवार. म्हणून रेल्वेच्या पेपरात चारपैकी दोन पर्याय खात्रीने कापता आले तरच अंदाज लावा.

बँकेत २० मिनिटं बांधलेली असल्यानं गणितात वाचलेला वेळ इंग्रजीला देता येत नाही. आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांची घसरण इथेच होते. लिपिकाचा पेपर मराठीतून देता येतो, पण इंग्रजीचा भाग इंग्रजीच राहतो. उतारे, रिकाम्या जागा आणि वाक्यातली चूक, एवढ्यावर रोज ४० मिनिटं दिली तरी भागतं. मोठ्या शब्दयाद्या पाठ करण्यात वेळ घालवू नका.

राज्याच्या परीक्षांबद्दल एकच सांगतो. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे: लेखी १७५० आणि मुलाखत २७५, एकूण २०२५ गुण. जुन्या बहुपर्यायी पद्धतीचे नोट्स स्वस्तात मिळतात, ते मुख्य परीक्षेसाठी घेऊ नका. उत्तर लिहायचा हात तयार व्हायला काही महिने जातात आणि तपासून देणारं माणूस लागतं, ते मिळत असेल तरच क्लासचे पैसे भरा.

फीचा हिशेबही मांडून ठेवा. सरळसेवेच्या २०२३ च्या मोठ्या भरत्यांत खुल्या गटाला १०००, मागास गटाला ९०० रुपये होते, आणि जिल्हा परिषदेत प्रत्येक पदाला वेगळे. वरून केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात आलं की भाडं, जेवण, एक मुक्काम. रेल्वेचं बरं आहे: ५०० भरले तर पहिल्या परीक्षेला बसल्यावर ४०० परत येतात, मुलींना, अनुसूचित जाती-जमातींना, अल्पसंख्याकांना आणि आर्थिक मागास गटाला २५०, तेही परत, फक्त बँकेचं शुल्क वजा होतं. नुसतं ओबीसी असाल तर ५००च. त्यासाठी फॉर्ममध्ये बँक खात्याचा क्रमांक आणि आयएफएससी बरोबर हवा.

लिपिक-टंकलेखक व्हायचं असेल तर मराठी ३० किंवा इंग्रजी ४० वेगाचं टायपिंगचं प्रमाणपत्र हातात ठेवा. ती परीक्षा मनाला येईल तेव्हा देता येत नाही आणि जाहिरात कोणासाठी थांबत नाही.

एचआर, जळगाव एमआयडीसी

पाईप, चटई, डाळ मिल, ठिबक, यांत पदवीधर लागतात, पण अनुभव नसलेल्याला थेट पगारावर घेताना मालक कचरतो. त्यावर शिकाऊ उमेदवारी हा खरा दरवाजा आहे आणि बीए-बीकॉमवाल्यांना वाटतं तो फक्त आयटीआयसाठी. तसं नाही. राष्ट्रीय शिकाऊ योजनेत पदवीधरालाही एक वर्ष मिळतं. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन ९००० ठरलं, त्यातला निम्मा भार सरकार उचलतं. या काळात पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) कापत नाहीत, म्हणजे तो नोकरीचा अनुभव नाही, प्रशिक्षण आहे. शेवटी प्रमाणपत्र घेतल्याशिवाय निघू नका. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना वेगळी आहे. ती २०२४ मध्ये सहा महिन्यांसाठी आली, नंतर मुदत वाढली, पदवीधराला महिन्याला १००००. तिथेही कायम करण्याचं वचन नाही. हजेरीची ऑनलाइन नोंद राहून गेली की पैसे अडतात, म्हणून महिन्याच्या शेवटी आस्थापनेकडे ती झाली का ते विचारून घ्या.

आता पगाराचं पत्र. "वार्षिक २ लाख ४० हजार" वाचून घरी २०००० सांगितले जातात आणि पहिल्या महिन्याला वाद होतो. मूळ पगार १०००० धरा. २०००० मधून कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद साधारण ४८० आधीच बाजूला. कंपनीचा ईएसआय ३.२५ टक्के, म्हणजे आणखी ५७५ च्या आसपास. उरला एकूण पगार सुमारे १७७४०. त्यातून तुमचा पीएफ १२००, ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे १३३, व्यवसाय कर २००. हातात साधारण १६२००. मुलींना २५००० पर्यंत व्यवसाय कर नाही, म्हणून २०० जास्त. फेब्रुवारीत पुरुषांचे ३०० कापतात, ती चूक नव्हे. ईएसआय २१००० पगारापर्यंत लागू असतो. कार्ड पहिल्याच महिन्यात काढून आईवडिलांचं नाव अवलंबित म्हणून टाका, आजारपणात तेव्हा धावपळ करत बसू नये.

पीएफ खात्याचा यूएएन क्रमांक आयुष्यभर एकच. दुसऱ्या कंपनीत नवा काढू देऊ नका, दोन खाती जोडताना जन्मतारखेचा फरक निघाला की महिने जातात.

भाड्याने खोली घेणाऱ्यांसाठी, पिंपरी (मूळ पारोळा)

पुण्याला निघताना पहिल्या पगाराचा हिशेब चुकतो. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आसपास येतो, पण बऱ्याच कंपन्यांत हजेरीची तारीख २० किंवा २५ ला बंद होते. २२ ला रुजू झालात तर ते दिवस त्याच्या पुढच्या पगारात. म्हणजे दीड महिना घरच्या पैशावर: डिपॉझिट, आगाऊ भाडं, मेसचा आगाऊ महिना, रोजची बस. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रुजू होण्याची तारीख मागून बघा, एचआर बहुतेक वेळा देतात.

करार ११ महिन्यांचा असला तरी नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, नोंदणी फी शहरात १०००, ग्रामीण भागात ५००. नोंदलेला करार असेल तर डिपॉझिट परत मागायला आधार राहतो आणि पत्त्याचा पुरावाही होतो. डिपॉझिट रोख देऊ नका.

हिशेबनीस, नवापूर

नंदुरबारच्या मुलांना पुण्यापेक्षा सुरत जवळ, गाडी सरळ जाते, आणि तिथल्या उधना-लिंबायत भागात अर्धं खान्देश भेटतं. कापड बाजारात बीकॉमला काम आहे: टॅली, जीएसटीची बिलं, ई-वे बिल, उधारीची वसुली. गुजराती लिपी वाचता येणं जवळपास अटच आहे, महिनाभरात येते. पगार रोख देत असतील तर खात्यावर मागा. पुढे कर्जाला किंवा दुसऱ्या नोकरीला रोखीचा अनुभव दाखवता येत नाही.

कर्ज विभाग, धुळे

स्वतःचं काही सुरू करणाऱ्यांसाठी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं गणित. उत्पादनाला ५० लाख, सेवेला २० लाखांपर्यंत प्रकल्प. समजा ग्रामीण भागातली ओबीसी मुलगी १० लाखांचा प्रकल्प मांडते. स्वतःचे ५ टक्के म्हणजे ५०,०००, बँक देते ९.५ लाख, अनुदान ३५ टक्के म्हणजे ३.५ लाख. पण हे अनुदान हातात मिळत नाही. ते तीन वर्षं तिच्या नावाच्या ठेवीत अडकतं, त्यावर व्याज नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. धंदा तीन वर्षं चालू दिसला तरच ते कर्जात वळतं होतं. खुल्या गटातल्या मुलाला शहरात १५, ग्रामीण भागात २५ टक्के, आणि स्वतःचा हिस्सा १० टक्के.

अर्ज का परत जातात? जमिनीची किंमत प्रकल्पात धरलेली असते, ती चालत नाही. यंत्राचं कोटेशन जीएसटी क्रमांकाशिवाय. धंदा आधीच सुरू केलेला, आणि योजना फक्त नव्या उद्योगाला आहे. आणि मोबाईलचे थकलेले हप्ते. ८-१० हजारांच्या फोनचे तीन हप्ते चुकले तरी सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, दिसतं. ते भरून, खातं बंद झाल्याचा कागद घेऊन मगच या.

पॅकहाऊस, रावेर

बीएस्सी आणि कृषी पदवीधरांना केळी हा हलका धंदा वाटतो याचं वाईट वाटतं, कारण इथे शिकलेल्या माणसाची खरी टंचाई आहे. पिकवण कक्षाचं उदाहरण घ्या. तापमान १६ ते १८ अंश, आर्द्रता ९० ते ९५ टक्के, इथिलीन १०० पीपीएम साधारण २४ तास, नंतर हवा बदलायची. कर्बवायू १ टक्क्याच्या वर साचला तर इथिलीनचा परिणाम घटतो आणि पिकणं रेंगाळतं. कामगार तापमान वाढवून बघतात, दोष हवा न बदलण्यात असतो. उलट १३ अंशांखाली माल गेला तर साल करडी पडते, मग कितीही पिकवा, पिवळा रंग येत नाही. फणीच्या गरात थर्मामीटर घालून मोजणारा, तासातासाची नोंद ठेवणारा माणूस हवा असतो. निर्यातीच्या १३ ते १३.५ किलोच्या खोक्यात कॅलिपरने जाडी मोजून फण्या भरणं, फायटोसॅनिटरीचे (माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचे) कागद, कंटेनरची नोंद, ही सगळी कामं पदवीधराची आहेत.

काम मागायला येताना बायोडाटा नुसता ठेवून जाऊ नका. तोडणी चालू असताना सकाळी सातला या, प्रतवारीच्या टेबलाशी दिवसभर उभे राहा. मालक तेवढ्यावर ठरवतो.

वाचक, साक्री

कंपनीनं मूळ गुणपत्रक "ठेवून द्या" म्हटलं तर? आणि मुलाखतीआधी "नोंदणी फी" मागितली तर?

एचआर, जळगाव एमआयडीसी

मूळ कागद दाखवायचे, देऊन यायचे नाहीत. स्वसाक्षांकित प्रत द्या, तिच्यावर "फक्त या नोकरीसाठी" आणि तारीख लिहा. फार आग्रह झाला तर डिजीलॉकरची प्रत द्या. फी मागणारा नोकरी देणारा नसतो. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, रक्कम पुढच्या खात्यात वळायच्या आत गोठवता येते. यूपीआयचा व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा, तो पहिल्यांदा विचारतात.