एलए-२ए की ११७६? कोणती नक्कल घेऊ? (बजेट ३०००)

कोपऱ्यातला_माईक: घरी आईचे अभंग रेकॉर्ड करतोय, साथीला पेटी-तबला. रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) वापरतो. आईचा आवाज मध्येच बुडतो, मध्येच अंगावर येतो. जुन्या कॉम्प्रेसरची (मोठा आवाज दाबून चढउतार कमी करणारं यंत्र, एलए-२ए किंवा ११७६) नक्कल करणारं एकच प्लगइन (रीपरमध्ये जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) घेणार. ३०००च्या वर एक रुपया नाही.

सुरमणी६७: एलए-२ए. डोळे झाकून. मुख्य नॉब दोनच, बिघडवायला काही नाही. मूळ यंत्रात आवाजाबरोबर उजळणारा घटक असतो, त्यामुळे ते हळू पकडतं, हळू सोडतं. गळ्याला तेच लागतं.

लोखंडी_कान: नकला कशाला? साठ हजार जमव, चांगला प्रीअ‍ॅम्प (माईकचा आवाज वाढवणारं यंत्र) घे. मी घेतलाय.

पुणेरी_फेडर: बजेट वाचलंत का?

लोखंडी_कान: वाचलं. म्हणूनच म्हटलं, जमव.

डग्ग्यावर_थाप: तबल्याला ११७६! अ‍ॅटॅक (आवाज पकडायला लागणारा वेळ) २० मायक्रोसेकंदांपर्यंत जातो. पण नॉब उलटा, उजवीकडे नेला की वेग वाढतो. मला कुठे ठाऊक! तीन महिने चाटीची धार मारत बसलो. तबलजी ऐकून म्हणाले, "हा माझा तबला नव्हे."

सेलची_शिकार: सेलशिवाय घेऊ नकोस. मी ४० प्लगइन्सचा गठ्ठा अर्ध्या किमतीत उचलला. वापरतो दोन. फेअरचाइल्ड ६७० (तीही जुन्या कॉम्प्रेसरचीच नक्कल) नुसतं उघडून बघतो. मूळ यंत्रात २० व्हॅक्यूम ट्यूब होत्या राव!

सुरमणी६७: फेअरचाइल्डचा इथे काय संबंध? एलए-२ए घे.

पुणेरी_फेडर: आधी पातळी बघा. बऱ्याच नकला -१८ डीबीएफएसच्या (डिजिटल पातळी, कमाल शून्य) आसपास शून्य व्हीयू (जुन्या यंत्राच्या काट्यावरची नेहमीची पातळी) धरून बनवलेल्या असतात. ट्रॅक -३ला आदळत असेल तर प्लगइन आवाज चेपणारच. आणि 'अ‍ॅनालॉग' नावाचा स्विच दिसला तर बंद करा, जुन्या यंत्राची घूं त्यातूनच येते. मी आठवडाभर ती तानपुऱ्याच्या अ‍ॅपची समजत होतो.

फुकट_फौजदार: अ‍ॅनालॉग ऑब्सेशन कंपनीचं लाला प्लगइन हे एलए-२एच आहे, फुकट. रीपरमध्ये ११७६च्या धर्तीचं जेएस ११७५ आधीच पडलंय. पैशाचे आईला पेढे आणा.

डग्ग्यावर_थाप: फेडरना +१. पातळी आधी.

कोपऱ्यातला_माईक: सगळ्यांचे आभार. पातळी खाली आणली, लाला लावलं, बुडणं बरंच थांबलं. मग उरलेल्या पैशांत टेप मशीनची नक्कल घेतली, ४२००ला. पडद्यावर रिळं फिरतात. आई म्हणाली, आकाशवाणीत गेल्यासारखं वाटतंय.

लोखंडी_कान: म्हणजे बजेट वाढतं तर!

सुरमणी६७: टेप कोणी सुचवली होती?