मदत हवी आहे : पिवळे पडलेले हेडलाइट घरी घासतो, पण वरून काय मारू?

नमस्कार मंडळी. राळेगाव तालुक्यात राहतो. २०१२ ची सेकंडहँड गाडी आहे, बारा महिने अंगणात उन्हात उभी. दोन्ही हेडलाइट पिवळट-धुरकट झालेत. दिवसा काही अडत नाही, पण रात्री यवतमाळहून परतताना कळंबच्या पुढे रोही (नीलगाय) आडवा आला तर तो अगदी जवळ आल्यावरच दिसते. टूथपेस्टनं घासून पाहिलं. चमक आली, अन् एप्रिलचं ऊन लागल्याबरोबर गेली. गंमत म्हणजे पाणी मारलं की दिवा एकदम साफ दिसते, वाळला की पुन्हा तसाच.

हार्डवेअरच्या दुकानात वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर) मिळते. कोणत्या नंबरपासून सुरू करू? अन् मुख्य म्हणजे, आपल्याकडच्या पंचेचाळीस डिग्रीत टिकेल असं वरून काय मारायचं? शेजारी म्हणते, ते सोड, १००/९० वॅटचा (हाय/लो बीम) बल्ब टाक.

प्रतिसाद १

बल्बचं आधी सांगतो : टाकू नका. मूळचा ६०/५५ चा असेल. जास्त वॅटच्या उष्णतेनं होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर करपतो, अन् धुरकट दिव्यातून उजेड नुसता फाकतो. समोरच्याच्या डोळ्यावर जातो.

पाण्यानं साफ दिसतो म्हणजे खराबी बाहेरूनच आहे, दिवा वाचतो. हे पॉलिकार्बोनेट असते. कंपनीतून त्यावर यूव्हीपासून (उन्हातल्या अतिनील किरणांपासून) वाचवणारा थर येतो, तो उन्हानं मरतो अन् मग प्लॅस्टिक पिवळं पडते. टूथपेस्टनं वरचा मळ निघतो, थर काही परत येत नाही.

बाजूच्या पत्र्याला मास्किंग टेप दुहेरी लावा. थराचे पोपडे निघत असतील तर ८०० पासून, नाही तर १००० पासून (नंबर मोठा तितका पेपर बारीक). मग १५००, २०००. पेपर सतत ओला ठेवा, दर नंबरला घासायची दिशा बदला, मधे धुवा. ८०० चे ओरखडे १५०० नं पुरते गेल्याशिवाय पुढं जाऊ नका, घाई इथंच नडते. दिवा आधीपेक्षा पांढरा दिसेल, घाबरू नका. पेट्रोल, थिनर चुकूनही नको, बारीक तडे जातात.

वरून टू-के क्लिअर कोट (दोन भाग मिसळून फवारायचा पारदर्शक थर), यूव्हीपासून वाचवणारा. तो मारायचा असेल तर २००० वर थांबा, पॉलिश करू नका, गुळगुळीत प्लॅस्टिकवर तो धरत नाही. सकाळी सावलीत, वारा सुटायच्या आधी, दोन-तीन पातळ हात. त्यात आयसोसायनेट (फुप्फुसाला घातक रसायन) असते, म्हणून साधा रुमाल चालत नाही. ऑरगॅनिक व्हेपरवाला (रसायनाची वाफ अडवणारा) मास्क लावा, लेकरं दूर ठेवा.

धागाकर्ता

लई आभार भाऊ. तो मास्क इकडे मिळत नाही अन् घरी लहान पोरगी आहे. फवारा नको वाटते. दुसरं काही?

प्रतिसाद २

मग ३००० पर्यंत घासा, कंपाउंडनं (पॉलिशच्या पेस्टनं) पॉलिश करा अन् हेडलाइटची पारदर्शक पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म, म्हणजे चिकटवायचा संरक्षक पापुद्रा) लावा. साबणाच्या पाण्यावर बसते, वास नाही. तेही नको तर वॅक्स, पण ते उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा लावावं लागते. गाडी कडुलिंबाखाली लावता आली तर पहा, नाही तर तोंड भिंतीकडे करून उभी करा.