अहरार अल-शाम म्हणजे नुसरा नव्हे
सीरियाच्या यादवीत असद सरकारविरुद्ध लढलेल्या अहरार अल-शाम आणि नुसरा (नुसरा फ्रंट) या दोन इस्लामी सशस्त्र संघटना एकच, असं कुणीतरी म्हटलंय, ते मला अजिबात पटत नाही. २०११ मध्ये सीरियातल्या सेदनाया जेलमधून सुटलेल्या लोकांनी अहरार उभी केली, लीडर हसन अब्बूद आधी इंग्लिशचा मास्तर होता, आणि नुसरा अल-कायदाची शाखा होती तसे हे नव्हते, आपली लढाई सीरियापुरतीच म्हणायचे. पण सप्टेंबर २०१४ ला वायव्य सीरियातल्या इदलिबमध्ये अहरारची मीटिंग चालू असताना स्फोट झाला आणि अब्बूदसकट जवळजवळ सगळी लीडरशिप एका झटक्यात गेली! २०१५ ला नुसराच्याच जोडीने इदलिब शहर घेतलं खरं, पण जुलै २०१७ मध्ये त्याच नुसरातून बनलेल्या तहरीर अल-शाम या गटाने अहरारला हरवून तुर्कस्तान बॉर्डरवरचं बाब अल-हवा नाकं, म्हणजे कमाईचं मोठं साधनच, हिसकावून घेतलं.