इटॅलिक : तिरका, तिरपा की धावता?

प्रश्न : मंडळी, एका कादंबरीची प्रुफं तपासतेय. लेखकाने समासात लिहिलंय, ‘पत्राचा मजकूर तिरक्या टाइपात घ्या’. डीटीपीवाला ‘तिरपा’ म्हणतो, संपादक ‘इटॅलिक’. मराठीत नेमका शब्द कोणता? आणि यात इटली कुठून आली?

— तिरका, तिरपा दोन्ही चालतात. इटली आली ती व्हेनिसहून. तिथला मुद्रक आल्दुस मानुतिउस याने १५०१ साली रोमन कवी व्हर्जिलची काव्यं हातात मावतील अशा छोट्या आकारात छापली. सबंध पुस्तक इटॅलिक वळणात! एखाद्या शब्दावर जोर द्यायला इटॅलिक वापरायची रीत नंतरची. तेव्हाच्या विद्वानांचं भरभर लिहिलेलं हस्ताक्षर समोर ठेवून बोलोन्याच्या फ्रान्चेस्को ग्रिफोने त्याचे ठसे कोरले. कॅपिटल अक्षरं मात्र त्याने सरळ उभीच ठेवली होती.

— मग ‘तिरपा’ अपुराच पडतो की. खुद्द इटालियन लोक या वळणाला ‘कोर्सिवो’ म्हणतात, जर्मन ‘कुर्सिव’. मूळ लॅटिन धातू धावण्याचा. मुद्दा कलण्याचा नाही, हात धावण्याचा आहे. इंग्रजी पुस्तकातला ‘ए’ पाहा : साध्या टाइपात डोक्यावर वाकडी टोपी, इटॅलिकमध्ये टोपी गायब, नुसतं पोट आणि काठी. अक्षराचा घाटच बदलतो. आपल्या संगणकावर इटॅलिकचं बटण दाबलं की ‘श’ आणि ‘ळ’ वारा लागल्यासारखे कलतात, बाकी जिथल्या तिथे. त्याला खुशाल तिरपा म्हणा. इटॅलिकला आपल्याकडची जोड शोधायची तर ती मोडीची.

— मोडीची तुलना आवडली, पण जरा जपून. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात आणि मग हात न उचलता लिहीत जातात. छपाईचा खिळा, म्हणजे धातूचं एकेक अक्षर, सुटा असतो, तो धावणार कसा? ग्रिफोलाही ही अडचण आलीच, म्हणून त्याने पुष्कळ ठिकाणी दोन-दोन अक्षरं एकाच खिळ्यावर घेतली. मोडीचेही खिळे पडले होते बरं का. बंगालात सेरामपूरला मिशनरी विल्यम केरीचा मराठी कोश १८१० साली मोडीतच छापला.

जाता जाता : व्हर्जिलच्या त्या पुस्तकात आल्दुसने ग्रिफोची स्तुती केली, पण १५०२ साली व्हेनिसच्या सिनेटकडून या वळणाचा हक्क घेतला तो स्वतःच्या नावावर. ग्रिफो इटलीतल्याच फानो गावी सोन्चिनो या मुद्रकाकडे निघून गेला. फ्रान्समधल्या ल्योंच्या छापखान्यांनी तर हक्कबिक्क न जुमानता सरळ नक्कल केली. आल्दुसच्या नावावरून या टाइपाला ‘आल्डाइन’ही म्हणत, ग्रिफोचं नाव मात्र मागे पडलं. मला विचाराल तर ‘ग्रिफी’ म्हणायला हवं होतं.

प्रश्नकर्ती : ‘धावता’ पटला. पण डीटीपीवाल्याला ‘पत्र धावतं कर’ म्हटलं तर तो कुरिअरवाल्याला फोन लावेल! प्रुफात ‘तिरपा’च लिहिते.