ऐन वेळची फर्माईश: डीजेंचे अनुभव

गाण्यांची यादी यजमानांशी बोलून आधीच पक्की झालेली असते, तरीही कार्यक्रम रंगात आला की कोणीतरी मोबाइल पुढे करतो आणि 'एवढे एकच लावा' म्हणून अडून बसतो. सामान घेऊन ठिकठिकाणी कार्यक्रम करणाऱ्या डीजेंनी अशा वेळी काय केले, हे त्यांच्याच शब्दांत वाचायला मिळावे म्हणून हा धागा. नकार कसा दिला याबरोबरच, होकार दिल्यावर ते गाणे वाजवले कसे, हेही अवश्य लिहावे.

*

गाण्यापेक्षा ते ज्या फोनमध्ये असते तो फोनच जास्त घात करतो. एका स्वागतसमारंभात वधूवरांच्या प्रवेशाला काही मिनिटे उरली असताना वराच्या बहिणीने ठरलेले गाणे बदलून स्वतःच्या फोनमधले लावायला सांगितले. फोन तसाच केबलने जोडावा, तर ऐन प्रवेशाच्या वेळी संदेशाची घंटी स्पीकरमधून घणघणायची. फ्लाइट मोड लावावा, तर इंटरनेटवरून येणारे गाणेच बंद पडायचे. म्हणून आधी गाणे डाउनलोड करवून घेतले, मग फ्लाइट मोड लावला आणि सुरुवात हेडफोनवर ऐकली. सुरुवातीला बराच वेळ नुसता संवाद होता. तो ओलांडून, ठेका सुरू होतो तिथे गाणे थांबवून ठेवले. आवाजही बारीक होता. तो मास्टरने, म्हणजे सगळा आवाज एकत्र वाढवणाऱ्या बटणाने, न वाढवता त्या चॅनेलच्या गेनने, म्हणजे फक्त त्या फोनच्या आवाजाच्या बटणाने वाढवला, कारण मास्टर तसाच वर राहिला असता तर पुढचे गाणे लोकांच्या कानांवर आदळले असते.

*

मिनिटाला १२८ ठोक्यांवर सगळे नाचत असताना एका ज्येष्ठ पाहुण्यांनी जुने, संथ गीत मागितले. ते ६४ च्या आसपास असते तर दुपटीच्या हिशेबाने आधीच्या ठेक्यावर बसले असते. ते निघाले ९५ चे. की-लॉक ही सूर धरून ठेवणारी सोय लावून वेग बदलला तरी सूर तोच राहतो हे खरे, परंतु एवढ्या फरकाला गायकाचा आवाज फाटल्यासारखा लागतो. अशा वेळी मिक्सिंगचा, म्हणजे ठेका जुळवून एका गाण्यात दुसरे मिसळण्याचा, हट्ट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चालू गाणे इकोमध्ये, म्हणजे प्रतिध्वनीत, विरू दिले, माइकवरून पाहुण्यांच्या वतीने घोषणा केली आणि गीत मूळ वेगात लावले. घोषणेमुळे ठेका तुटल्याचे कोणाला खटकले नाही. उलट तशाच आणखी फर्माइशी आल्या, त्या मात्र मी शेवटावर ढकलल्या.

*

समोर लहान मुले नाचत असताना शिवराळ गाण्याची मागणी आली, तर मी त्याची शिव्या काढलेली रेडिओ आवृत्ती लावतो. ती संग्रहात नसेल तर गाणे लावत नाही.

*

माझी बहुतेक कामे कार्यालयीन समारंभांची असतात, आणि तिथे खरी अडचण मागणाऱ्याच्या हुद्द्याची असते. आयोजकांनी 'वाजवू नये' म्हणून लिहून दिलेलेच गाणे एका वरिष्ठांनी मागितले, आणि तेही लगेच. अंतिम शब्द कोणाचा, ते नाव मी करारात आधीच लिहून घेतो. त्यामुळे 'गाणे माझ्याकडे आहे, आयोजक बाईंनी हो म्हटले की लावतो', एवढेच नम्रपणे सांगितले आणि चालू गाणे संपत आल्यामुळे त्याच्या वाद्यांच्या भागावर लूप लावून, म्हणजे तोच तुकडा पुन्हापुन्हा वाजवून, वेळ काढला. बाईंच्या संमतीने ते अखेर जेवणाच्या वेळी, शब्दांविना, नुसत्या वाद्यसंगीताच्या रूपात वाजले. वरिष्ठ खूश झाले, आणि ज्यांना त्या शब्दांचा राग होता त्यांच्यापैकी कोणी ताटावरून मानही वर केली नाही.