स्पिंक१चा एन३४एस: ‘पॅथोजेनिक’ की ‘जोखीम घटक’?

जनुकवाचक
क्रॉनिक पॅन्क्रिएटायटिसच्या (स्वादुपिंडाच्या दीर्घकालीन दाहाच्या) जनुकीय अहवालांत सगळ्यात जास्त घोळ स्पिंक१ या जनुकातल्या एन३४एस या बदलावरून होतो. काही ठिकाणी त्यावर सरळ ‘पॅथोजेनिक’ (आजार घडवणारा) असा शिक्का बसतो. माझा याला ठाम विरोध आहे. निरोगी लोकांतही साधारण १-२ टक्के जणांकडे याची एक प्रत सापडते. पीआरएसएस१ या ट्रिप्सिनच्या जनुकातल्या आर१२२एच या बदलाची गोष्टच निराळी: ट्रिप्सिन (स्वादुपिंडातलं प्रथिनं पचवणारं विकर) ज्या जागी स्वतःला तोडून निकामी करतं, ती जागाच जाते. एक प्रत पुरते, आणि बाधित घराण्यांत सुमारे ८० टक्के वाहक आजारी पडतात. दोन्हींना एकच शब्द वापरला तर रुग्णाने काय समजायचं?

पोटविकार
पटत नाही. ‘जोखीम घटक’ वाचलं की अहवाल फाइलच्या तळाशी जातो. एन३४एसने आजाराची शक्यता साधारण दहापट वाढते. दारूला न शिवलेल्या विशीतल्या मुलाला वारंवार झटके येत असतील, तर हे किरकोळ कसं?

लॅबटेबल
दहापट खरं, पण कशाच्या? मुळातली जोखीम हजारात एकापेक्षा कमी आहे. दहापट करूनही शंभर वाहकांत एक रुग्ण जेमतेम भरतो. शिवाय एन३४एसमुळे प्रथिनाचं काम बिघडतं, असं प्रयोगांत दिसलेलं नाही. संशय त्याच्यासोबत वारशाने येणाऱ्या दुसऱ्या बदलावर आहे.

अहवाल चुकण्याचा खरा धोका पीआरएसएस१मध्ये आहे. तिथे स्टॉप कोडॉन (प्रथिन अर्ध्यावर थांबवणारा बदल) दिसला की सॉफ्टवेअर २०१५च्या एसीएमजी निकषांनुसार (जनुकीय बदलांच्या वर्गवारीचे अमेरिकी निकष) ‘पॅथोजेनिक’कडे भरभरून गुण देतं. हे उलटं आहे! ट्रिप्सिनोजेन (ट्रिप्सिनचं निष्क्रिय पूर्वरूप) कमी बनल्याने हा आजार होत नाही. स्पिंक१ हा ट्रिप्सिनला आवरणारा, त्यामुळे तिथे मात्र जनुक बंद पडणं घातकच.

पीआरएसएस१मध्ये एन२९आय हा बदल दिसला तर आणखी जपून. पीआरएसएस२ या त्याच्यासारख्याच जनुकात २९व्या जागी मुळातच आयसोल्यूसिन (एन२९आयमध्ये येणारं अमिनो आम्ल) असतं. तिथले शॉर्ट रीड (यंत्राने वाचलेले डीएनएचे छोटे तुकडे) पीआरएसएस१वर चुकून बसले की खोटा एन२९आय तयार होतो. निम्म्याऐवजी १५-२० टक्केच रीडमध्ये बदल दिसत असेल तर थांबा. फक्त पीआरएसएस१लाच चिकटतील असे प्रायमर (सुरुवातीचे छोटे डीएनए तुकडे) घेऊन लाँग-रेंज पीसीआरने तो लांब भाग वाढवा, मग सँगर पद्धतीने त्याचा क्रम वाचा.

पोटविकार
एन२९आयचं मान्य. शिक्काही बदला हवा तर, पण एन३४एसखाली दोन ओळी हव्यातच: सीएफटीआर आणि सीटीआरसी ही या आजाराशी जोडलेली इतर जनुकं तपासली का, आणि सिगारेट-दारू पूर्ण बंद. सीएफटीआरमध्ये (सिस्टिक फायब्रोसिसच्या जनुकात) काही निघालं तर घामातलं क्लोराइड मोजा. लिटरमागे ३० ते ५९ मिलिमोल, म्हणजे सीमेवरचं, आलं तरी ‘नॉर्मल’ म्हणून सोडू नका.

जनुकवाचक
या ओळी मीही लिहीन. पण ‘निरोगी भावंडांची एन३४एस तपासणी करा’ ही ओळ नको. निकाल काहीही आला तरी त्यांना द्यायचा सल्ला तोच राहतो.

पोटविकार
सल्ला तोच, पण तो पाळला जाण्याची शक्यता वाढते. मी भावंडांना तपासणीचा पर्याय देणारच.